एक 'एस' गेला आणि टेस्ट फेल झाल्या!

कोडमध्ये काहीच बदललं नाही, तरी पायथन अपडेट करताच टेस्ट धडाधड फेल. असं का होतं?

पायथनच्या युनिटटेस्टमध्ये दोन व्हॅल्यू सारख्या आहेत का, हे तपासणारं फंक्शन म्हणजे 'असर्टइक्वल'. 'असर्टइक्वल्स' हे त्याचंच दुसरं नाव, शेवटी फक्त एक 'एस' जास्त. हे नाव वापरू नका, असा इशारा कित्येक वर्षं मिळत होता. पण टेस्ट पास होत होत्या, त्यामुळे अनेकांनी तो मनावर घेतला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि ते नाव काढून टाकलं गेलं.

उपाय सोपा आहे, 'एस' काढा. 'असर्टइक्वल' जुन्या २.७ मध्येही चालतं.

खरी गोची पुढे आहे. 'असर्टरेजेक्सपमॅचेस'च्या जागी आलेलं 'असर्टरेजेक्स' २.७ मध्ये नाहीच. सरसकट नाव बदललं, तर नव्या पायथनवर टेस्ट पास आणि जुन्यावर फेल. म्हणून टेस्टच्या मूळ क्लासमध्ये एक छोटी अट टाकतात. नवं नाव सापडलं नाही, तर जुन्याच फंक्शनला ते नाव द्यायचं. बाकी सगळीकडे नवंच नाव वापरायचं. २.७ चा सपोर्ट बंद केला, की ती अट पुसून टाकायची.

हे टाळलं तर नावामुळे फेल झालेल्या टेस्टच्या गर्दीत खरी चूक नजरेआड होऊ शकते.