लोखंडी नांगराची गोष्ट : इतिहासातून मार्केटिंगचे धडे घेण्याआधी



पीएच.डी.साठी विषय शोधताना वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांना एक विषय हमखास सुचतो : इतिहासातल्या थोर व्यक्तींकडून ब्रँडिंग आणि मार्केटिंगचे धडे. मलाही सुचला होता. माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यात पाच थोर माणसं होती आणि प्रत्येकाच्या नावापुढे एकेक धडा. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे एवढंच विचारलं, "हे पाचही जण यशस्वी झालेले आहेत. ज्यांनी हेच सगळं केलं आणि तरी बुडाले, ते कुठे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आराखडा परत आला आणि नवीन लिहिण्यात सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

विषय वाईट नाही, हे आधीच सांगतो. चुकते ती मांडणी. कशी, ते आपल्या ओळखीच्या एका उदाहरणावरून बघू.

गोष्ट काय सांगते?

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईतली शिकवण्याची नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे सायकलचं दुकान चालवता चालवता कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर बनवू लागले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीतल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात येते.

नांगराची गोष्ट अशी सांगितली जाते : लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. पण लक्ष्मणराव मागे हटले नाहीत आणि पुढे हाच नांगर गावोगावी पोचला.

भाषणात या गोष्टीचा धडा लगेच निघतो : "धीर धरा, ग्राहकाचा विश्वास मिळवा, ब्रँड आपोआप उभा राहतो." टाळ्या पडतात. प्रबंधात मात्र इथूनच प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न : ही घटना आहे की घटनेची गोष्ट?

आता गंमत बघा. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसाने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं. त्याच्याबद्दलही हेच सांगतात, की लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल म्हणून शेतकऱ्यांनी तो नांगर घ्यायला नकार दिला. म्हणजे दोन खंड, मध्ये शंभरेक वर्षं, आणि गोष्ट मात्र एकच.

याचा अर्थ गोष्ट खोटी आहे असा नाही. नव्या अवजाराची भीती दोन्हीकडे सारखीच वाटली असेल. किंवा एक तयार गोष्ट दुसरीकडे येऊन चिकटली असेल. किंवा खरा अडसर किमतीचा असेल आणि 'शेतकऱ्यांचा समज' हे नंतर दिलेलं कारण असेल. संशोधक म्हणून यातलं एक आधीच निवडायची मुभा आपल्याला नाही. हे पहिल्यांदा कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं, आणि लिहिणारा विकणाऱ्याच्या बाजूचा होता की घेणाऱ्याच्या, हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. कंपनीचा इतिहास बहुतेक वेळा कंपनीच्याच घरातून लिहिला जातो, हे विसरू नका.

आणि न्यूबोल्डचं पुढे काय झालं? त्याच्या नांगराला बाजार मिळाला नाही. मॅडम विचारत होत्या तो 'बुडालेला' इथे सापडला! फक्त तगलेल्यांकडे बघून निष्कर्ष काढण्याच्या चुकीला 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात. यशस्वी उदाहरणाशेजारी एक अयशस्वी उदाहरण ठेवलं, की निम्मे 'धडे' तिथेच गळून पडतात. धीर दोघांनीही धरला असेल. मग फरक कशाने पडला?

दुसरा प्रश्न : आणखी कोणती कारणं असू शकतात?

नांगर पुढे खपला तो विश्वासामुळे, असं म्हणताना त्याच काळात काय काय चाललं होतं ते तपासा. १९१४ ते १९१८ पहिलं महायुद्ध झालं, परदेशी मालाची आवक अडचणीत आली. स्वदेशीचं वारं होतं. पिकांचे भाव बदलत होते. यातल्या प्रत्येक गोष्टीचा वाटा किती, हे ठरवल्याशिवाय सगळं श्रेय 'ब्रँडिंग'ला देता येत नाही.

असं काम करता येतं का? येतं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा १९४३ चा अभ्यास जरूर वाचा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याचं संकरित बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं, हे त्यांनी २५९ शेतकऱ्यांना प्रत्यक्ष विचारून शोधलं. बियाण्याची माहिती बहुतेकांना आधी विक्रेत्यांकडून मिळाली होती, पण घ्यायचं ठरवताना जास्त वजन पडलं ते शेजाऱ्यांच्या शब्दाला. बघा, 'विश्वास' हा एकच मोघम शब्द इथे दोन वेगळ्या पायऱ्यांत सुटा झाला : कळणं आणि पटणं. धडा आणि निष्कर्ष यांत फरक असतो तो हा. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये मांडलेला नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धान्त अशाच अभ्यासांवर उभा आहे.

तिसरा प्रश्न : आपले शब्द त्यांच्या तोंडी घालतोय का?

१९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू झालं. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' नावाचं सर्वसाधारण वाचकांचं मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही त्याची भावंडंही निघाली. आज आपण पटकन म्हणू, "हे तर कंटेंट मार्केटिंग!" अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीनेही १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक काढलं होतं, त्यामुळे तुलना सुचणं साहजिक आहे.

पण आजची संज्ञा हे आपलं भिंग आहे, त्यांचा हेतू नव्हे. जुने अंक चाळताना 'ब्रँड' शोधत बसलात तर हाती फार काही लागणार नाही. 'खात्री', 'टिकाऊ', 'पत', 'स्वदेशी' असे शब्द शोधा. त्या काळाचा विचार त्या काळाच्या शब्दांतच सापडतो.

मग विषय कसा मांडायचा?

'लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या ब्रँडिंग तंत्रांचा अभ्यास' असं शीर्षक लिहू नका, कारण त्यात उत्तर आधीच धरलेलं आहे. त्याऐवजी असं बघा : '१९२० ते १९३० या काळातल्या किर्लोस्करांच्या मराठी जाहिरातींत शेती-अवजारांबद्दल कोणकोणते दावे केले गेले आणि ते कसे बदलत गेले?' इथे काळ ठरलेला आहे, साधनं ठरलेली आहेत, आशय विश्लेषण ही पद्धत वापरता येते, आणि उत्तर तुमच्या अपेक्षेविरुद्धही येऊ शकतं. ज्या प्रश्नाचं उत्तर चुकूच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न नसतो.

मर्यादाही तुम्हीच लिहा. जाहिरात वाचून विकणारा काय म्हणत होता ते कळतं, घेणाऱ्याने का घेतलं ते कळत नाही. त्यासाठी शेतीखात्याचे अहवाल, विक्रीच्या नोंदी, शेतकऱ्यांच्या आठवणी अशी दुसरी साधनं लागतील. ती मिळणार नसतील तर दावा तेवढाच छोटा ठेवा. छोटा दावा केला म्हणून व्हायवात कोणी अडवत नाही, पुरावा नसलेला मोठा दावा केला की अडवतात.

आता एक काम करा. तुमच्या मनातली ऐतिहासिक व्यक्ती किंवा घटना घ्या आणि एका कोऱ्या पानावर चार ओळी लिहा : मला सुचलेला धडा, ही गोष्ट मला कुठून कळली, दुसरं संभाव्य कारण, आणि तेच करून अपयशी ठरलेलं एक उदाहरण. चौथी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. माझा नवा आराखडा त्याच ओळीपासून सुरू झाला. तुमची चौथी ओळ काय आली, ते मला नक्की कळवा.