पारा अर्धेच सांगतो, उरलेले माठाला विचारा

वैशाख लागला की गेवराईच्या बाजारात, एस. टी. स्टँडवर आणि गावोगावच्या पारावर एकच बोलणे ऐकू येते : "आज किती होतं?" कोणी ४१ म्हणतो, कोणी ४२. आकडा ऐकला की उन्हाचे सारे कळले असे आपण धरून चालतो. पण मुंबईला कामाला गेलेला आपल्याच गावचा माणूस सुटीला आला की म्हणतो, "तिकडं ३४ च असतं, पण जीव नको होतो. इथं ४१ असून लिंबाखाली बसलं तर बरं वाटतं." ऐकणारे हसतात. पण तो खोटे बोलत नाही. पारा फक्त उष्णता सांगतो. हवेत पाणी किती आहे ते सांगत नाही. आणि माणसाचे सुखदुःख ह्या दोहोंवर अवलंबून आहे.

आपल्या भाषेला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चैत्र-वैशाखात आपण "ऊन तापलंय" म्हणतो. रोहिणी संपत येऊन ढग जमू लागले, वारा पडला की "उकडतंय", "गदमदतंय" म्हणतो. पारा तेव्हा चार-पाच अंशांनी उतरलेला असतो, तरी आपण जास्त बेजार होतो.

घाम कशासाठी येतो?

आपले शरीर ३७ अंशांवर चालते. बाहेरची हवा त्याहून तापली की अंगातली उष्णता बाहेर टाकायला एकच वाट उरते, ती घामाची. नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना अंगातली जी उष्णता घेऊन जातो, तेवढ्या उष्णतेवर सात-आठ लिटर पाण्याला उकळी येईल. घाम अंगावरून नुसता ओघळून मातीत पडला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

घाम वाळेल की नाही, हे हवेतल्या पाण्यावर ठरते. वाळत घातलेले लुगडे मे महिन्यात गेवराईला घटकाभरात कडक होते आणि तेच श्रावणात दिवसभर ओले राहते, त्यातलाच हा प्रकार.

दवबिंदू म्हणजे काय?

हिवाळ्यात पहाटे ज्वारीच्या पानावर दहिवर पडते, ते तुम्ही पाहिलेच आहे. हवेतले न दिसणारे पाणी थंडीने थेंब होऊन बसते. हवा जेवढी गार झाली म्हणजे दव पडू लागते, त्या अंशाला दवबिंदू म्हणतात. हवेत पाणी जास्त, तर दवबिंदू वर. हवा कोरडी, तर दवबिंदू खाली.

आता हिशेब पाहा. समजा, मे महिन्यात दुपारी गेवराईला ४२ अंश आहे आणि हवेची आर्द्रता १२ टक्के आहे. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा पेटीएवढ्या हवेत जेमतेम ७ ग्रॅम पाणी आहे. दवबिंदू येतो ७ अंशांच्या आसपास. त्याच वेळी रत्नागिरीला ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तेवढ्याच हवेत २४ ग्रॅम पाणी असते आणि दवबिंदू २६ अंशांच्या पुढे जातो. दवबिंदू १५ च्या खाली असला की हवा हलकी वाटते, २० च्या वर गेला की अंग चिकचिकते आणि २४ च्या वर गेला की घाम वाळायचे नाव घेत नाही.

मग टक्केवारीच का पाहू नये? कारण टक्केवारी फसवते. तापलेली हवा पुष्कळ पाणी धरू शकते, गार हवा थोडे. तेच ७ ग्रॅम पाणी पहाटे २५ अंशांवर ३० टक्के दिसते आणि दुपारी ४२ अंशांवर १२ टक्के. पाणी तेवढेच, टक्के मात्र अर्ध्याहून खाली आले. दवबिंदू असा पालटत नाही.

गाव तसा उन्हाळा

कोकण आणि मुंबई समुद्राच्या कुशीत आहेत. तिथल्या हवेत पाणी भरलेले असते. दिवसा पारा फार चढत नाही, पण रात्री उतरतही नाही. गेवराई समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत, सह्याद्रीच्या पलीकडे. उन्हाळ्यात आपल्याकडे कोरडे वारे वाहतात. कोरड्या हवेतून आणि निरभ्र आकाशाकडे जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते. म्हणून माळवदावर पहाटे गोधडी ओढावी लागते. विदर्भात चंद्रपूर-नागपूरकडे पारा आपल्याही वर जातो, पण हवा कोरडी. म्हणून तिकडे वाळ्याच्या ताट्या आणि कूलर उत्तम चालतात.

हवामान खातेही हा फरक मानते. पारा सरासरीच्या साडेचार अंश वर गेला म्हणजे लाट धरतात. पण त्यासाठी मैदानी भागात तो निदान ४० वर जावा लागतो आणि किनाऱ्यावर ३७ पुरतात.

याची किंमत आपण मोजली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. राज्यभरातून लाखो माणसे आली आणि उघड्यावर उन्हात बसली. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. आपल्याकडे ३८ म्हणजे साधा दिवस! पण उन्हाचा त्रास होऊन सरकारी आकड्याप्रमाणे १४ जण दगावले. सौदी अरेबियात समुद्रकाठच्या धहरान इथे ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंशांवर गेला होता. अशा हवेत धडधाकट गड्याचाही घाम वाळत नाही.

कोरडे ऊन म्हणजे निर्धास्त नव्हे

हे वाचून "आपले ऊन बरे" असे म्हणून पाय पसरू नका. कोरड्या हवेत घाम येतो तसाच उडून जातो, म्हणून तो दिसत नाही. भर उन्हात काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर पाणी सहज जाऊ शकते. सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे दिसले तर समजा, पाणी आणि मीठ दोन्ही गेले. तहान लागायची वाट पाहू नका; थोड्या थोड्या वेळाने पाणी, ताक, पन्हे घेत राहा. फार थकवा वाटला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चमचा चहाचा घ्यावा.

पारा ४० च्या वर असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा घेऊ नका; तो गरम झळाच अंगावर मारतो. अंग पुसून घ्या किंवा ओले उपरणे खांद्यावर टाका, मग पंखा लावा. कूलर लावला तर खिडकी उघडी ठेवा. कोंडलेल्या खोलीत कूलर हवा ओली करतो आणि थोड्याच वेळात उकाडा वाढतो. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचे पाणी बंद करून नुसता वारा घ्या.

खरा घात मृगाच्या तोंडावर

पारा ४२ वरून ३६ वर आला की आपण सुटलो असे वाटते आणि सरकी लावण्याची घाई सुरू होते. नेमकी तेव्हाच हवा पाण्याने भरलेली असते. ह्या दिवसांत जड काम सकाळी दहाच्या आत उरका. उसाच्या फडात तर वारा शिरत नाही आणि पानांतून सुटलेली वाफ आत कोंडते. तिथे एकट्याने काम करू नये. मुंबई-कोकणाकडे कामाला जाणाऱ्यांनी पहिला आठवडाभर बेताने काम करावे. नव्या हवेशी जुळवून घ्यायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात.

गोठ्याकडेही पाहा. म्हशीला घाम कमी येतो आणि कातडे काळे, म्हणून तिला पाणी मारावे लागते. पण पाणी मारल्यावर गोठ्यात वारा खेळता हवा, नाहीतर उपकाराचा अपकार होतो.

कोणी बरळू लागले, अंग चटका बसावा इतके तापले, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करून दवाखाना गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

घरचे यंत्र

हवेतले पाणी ओळखायला महागडे यंत्र नको. मायबहिणींनो, तुमच्या घरातला माठ ते काम करतो. वैशाखात माठातले पाणी दातांना लागते इतके गार असते. जूनमध्ये तेच कोमट लागले की "माठ बाद झाला" म्हणून आपण दुसरा आणतो. पुष्कळदा माठ बाद झालेला नसतो. हवा ओली झाल्याने त्याचा घाम वाळत नसतो. दुसरी खूण गार पाण्याच्या पेल्याची. पेल्याला बाहेरून घाम फुटू लागला म्हणजे हवेत पाणी वाढले.

तेव्हा आकडा विचारायचा तर जरूर विचारा, पण घराबाहेर पडण्याआधी माठातले पेलाभर पाणी पिऊन पाहा. ते गार लागले तर अंगाचा घाम वाळेल. तुम्ही फक्त पाणी पीत राहा आणि डोक्याला बांधा. ते कोमट लागले तर पारा काहीही म्हणो, त्या दिवशी काम निम्म्यावर आणा.