ताडपत्र, शिला आणि टॅबलेट

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीस आले आणि महाबळेश्वरची वाट धरली की भिलार लागते. 4 मे 2017 रोजी हे गाव ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथील घराघरांत प्रारंभी सुमारे 15,000 मराठी पुस्तके ठेवली गेली. हा उपक्रम आम्हांस स्तुत्य वाटतो. परंतु ज्यास घाट चढून येणे परवडत नाही, त्या वाचकाचे काय?

बुद्धवचन प्रथम मुखोद्गत होते. इ.स.पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत वट्टगामणी अभयाच्या काळी ते लिपिबद्ध झाले. ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन याने 1868 पर्यंत मंडाले येथे ते 729 संगमरवरी शिलांवर कोरविले. रंगून येथील 1954-56 च्या छट्ठ संगायनातील पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने 1997 मध्ये संगणकाच्या तबकडीवर आणला. याच संस्थेचा नागरी मुद्रित संच 140 खंडांचा आहे. त्यास स्वतंत्र कपाट लागते. टॅबलेट, म्हणजे पाटीच्या आकाराचा संगणक, तो सगळा पोटात घेऊन पिशवीत मावतो. ‘अप्पमाद’ हा शब्द कोणकोणत्या सुत्तांत आला आहे, हे शोधण्यास पूर्वी सूची चाळीत दिवस जात; आता काही क्षण पुरतात.

मोबाईल असताना टॅबलेट कशास, असे कोणी विचारील. ‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने 1990 मध्ये पुनर्मुद्रित केले. रकान्यांत छापलेल्या अशा पानाचे छायाचित्र मोबाईलवर वाचताना ते सारखे डावीउजवीकडे सरकवावे लागते, आणि युक्तिवादाचा धागा सुटतो. दहा इंची पडद्यावर पान जवळजवळ सबंध दिसते. जुन्या नियतकालिकांसाठी टॅबलेटचे खरे महत्त्व येथे आहे. (रात्री वाचताना प्रकाश मंद ठेवावा, हे ओघाने आलेच.)

मात्र छायाचित्र म्हणजे संहिता नव्हे. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे केल्यास ओळी नव्याने जुळत नाहीत. वृद्ध वाचकास तेच हवे असते. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. आपली अडचण अशी की 1990 नंतर संगणकावर जुळविलेली कितीतरी मराठी मासिके त्या त्या कंपनीच्या फाँटमध्ये अडकून पडली आहेत. फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. रूपांतर करणारी साधने आहेत, पण पालीतील ‘ञ्ञ’, ‘ण्ह’ यांसारखी जोडाक्षरे त्यांत हमखास बिघडतात. म्हणून पाली जाणणाऱ्याने मुद्रिते तपासलीच पाहिजेत.

विहारांच्या ग्रंथालयांत पडून असलेल्या अंकांचा कागद दरवर्षी अधिक ठिसूळ होत आहे. प्रथम त्यांची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत, संहिता सावकाश जुळवावी, आणि मूळ अंक मात्र रद्दीत घालू नयेत. उद्या पाठाविषयी शंका निघाली तर तोच अंक उघडावा लागेल.