धाकटीने घराण्याला काय दिलं?

मोटारींचं अर्थकारण : भाग ७

महागड्या गाडीच्या किमतीत नावाचा वाटा किती असतो, ते गेल्या भागात पाहिलं. आज त्याच नावावरून चालणारं एक जुनं भांडण घेऊ. मर्सिडीज, जॅग्वार, कॅडिलॅक यांच्यासारख्या कंपन्यांनी लहान आणि त्यांच्या मानाने स्वस्त गाडी विकावी की नाही?

कंपनीच्या आतच यावर दोन तट असतात. विक्री खात्याचं म्हणणं सरळ आहे. पस्तिशीतला डॉक्टर आज आपल्या शोरूममध्ये आला, तर पुढची तीस वर्षं तो आपलाच. पहिली गाडी लहान, दुसरी मधली, साठीला सगळ्यात मोठी. शिवाय डीलरचं वर्कशॉप चालायला गाड्यांची वर्दळ लागते. महिन्याला दोन-चार बड्या गाड्या विकून जागेचं भाडंही सुटायचं नाही. हिशेब खातं मात्र यावर नाक मुरडतं. गाडी मीटरभर आखूड केली की वाचतो तो मुख्यतः पत्रा आणि काच, म्हणजे गाडीतला त्यातल्या त्यात स्वस्त माल. एअरबॅगा, धडक-चाचण्या, वायरींचं जंजाळ, रंगाचे थर, दरवाजा बसवणाऱ्या कामगाराचा वेळ, यांतलं काहीच त्या प्रमाणात घटत नाही. किंमत तेवढी झपाट्याने उतरवावी लागते. लहान गाडी, लहान नफा, हे डेट्रॉइटमध्ये फार पूर्वीपासून ऐकवलं जातं. जुनं गिऱ्हाईक या भांडणात बोलत नाही, पण आपल्या बॉनेटवरचा तारा गल्लीतल्या प्रत्येक गाडीवर दिसू लागला की ते गुपचूप दुसऱ्या दुकानात जातं.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, त्यामुळे किंमत आणि नफ्याच्या अंगाने हा वाद संपत नाही. मला दुसरी कसोटी जास्त उपयोगी वाटते. धाकट्या गाडीने घराण्याला काही नवं दिलं, की घराण्याचं नाव तेवढं वापरलं?

१९७३ आणि १९७९ अशा दोन तेलसंकटांच्या मधल्या काळात अमेरिकेने १९७५ साली कायदा केला, की कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांचं सरासरी मायलेज ठरावीक पातळीच्या वर हवं. नुसत्या जड सलून गाड्या विकणाऱ्या मर्सिडीजची यात कोंडी झाली. दुसरीकडे बीएमडब्ल्यूची थ्री सीरीज तरुण गिऱ्हाईक खेचून नेत होती. उत्तर म्हणून १९८२च्या डिसेंबरात मर्सिडीज १९० आली. लांबी जेमतेम ४.४२ मीटर. ब्रूनो साको यांच्या हाताखाली तिचं रूप ठरलं: मागे किंचित उंचावलेली डिकी, सपाट बाजू, क्रोमचा सोस नाही. लोकांनी तिला लाडाने ‘बेबी बेन्झ’ म्हटलं.

तिची खरी गंमत डिकीच्या खाली होती. मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्यांनी धरून ठेवणारं सस्पेन्शन मर्सिडीजने पहिल्यांदा या गाडीत बसवलं. वळणावर गाडी कलते, ब्रेक दाबला की पुढे झुकते, तेव्हा चाकाचा रस्त्याशी असलेला कोन बिघडतो आणि पकड सुटते. पाच दांड्या मिळून तो कोन जवळपास जागेवर ठेवतात. आता पुढचा क्रम पाहा. हे सस्पेन्शन आधी १९०ला मिळालं, मग १९८४च्या अखेरीस आलेल्या मधल्या आकाराच्या गाडीला, आणि घराण्यातली सगळ्यात थोरली असलेल्या एस क्लासला थेट १९९१ साली. थोरल्याचे उतरलेले कपडे धाकट्याने घालायचे, ही आपल्याकडची रीत इथे नेमकी उलटी झाली.

मागची सीट अडचणीची होती, आणि टॅक्सीवाल्यांनी त्यावरून कुरकुर केलीच. पण गाडी हलक्या दर्जाची आहे, असं कुणी म्हणू शकलं नाही. १९८३च्या ऑगस्टमध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर तिची सोळा व्हॉल्व्हची आवृत्ती ५० हजार किलोमीटर पळवली गेली. सरासरी वेग ताशी २४७ किलोमीटरच्या वर पडला. पुढच्या वर्षी मे महिन्यात न्यूरबुर्गरिंगच्या नव्या ट्रॅकचं उद्घाटन झालं. नामवंत रेसर्सना एकसारख्या १९० देऊन शर्यत लावली. त्यात निकी लाउडा होते, आलँ प्रोस्ट होते, आणि पहिला आला तो फॉर्म्युला वनमध्ये नुकताच पाऊल टाकलेला आयर्टन सेना. गाडी १९९३पर्यंत चालली आणि १८ लाखांहून जास्त बनल्या. स्वस्त ती कधीच नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याच लांबीच्या इतर गाड्यांच्या शेजारी तिची किंमत डोळ्यांत भरायची.

नेमक्या याच सुमारास, १९८१ साली, अमेरिकेत कॅडिलॅकने सिमॅरॉन काढली. कारण तेच, मायलेज आणि परदेशी लहान गाड्यांची चढाई. घाई मात्र अशी, की जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले कॅव्हेलियरला चामड्याच्या सीटा आणि कॅडिलॅकचं नाव लावून ती दुकानात आणली. आत १.८ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, तेही जेमतेम ८८ हॉर्सपॉवरचं. जवळपास तशीच शेव्हरोले शेजारच्या शोरूममध्ये हजारो डॉलर कमी किमतीत उभी होती. गिऱ्हाइकाला डोळे असतात. १९८८मध्ये सिमॅरॉन बंद पडली.

१९० काढणारी मर्सिडीजसुद्धा पंधरा वर्षांनी ठेचकाळली. १९९७ची ए क्लास ही लांबीला ३.५७ मीटर, म्हणजे आपल्या आजच्या वॅगन आरपेक्षाही आखूड. पण डोकं लावून बनवलेली. तिची जमीन दुपदरी होती. समोरून धडक बसली की इंजिन माणसांवर येण्याऐवजी त्या जमिनीखाली सरकावं, अशी योजना. त्यापायी बसायची जागा वर गेली आणि गाडी उंच झाली. २१ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वीडनमधल्या ‘टेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ या मासिकाच्या लोकांनी तिच्यावर एक चाचणी घेतली. रस्त्यावर अचानक एल्क, म्हणजे तिकडचं घोड्याएवढं हरीण, आडवं आलं तर चालक झटकन एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला गाडी काढतो, तसं वळवून बघायचं. ए क्लास उलटली. जर्मनीत विनोदांना ऊत आला. पूर्व जर्मनीतली ओबडधोबड ट्राबांट हीच कसरत चार चाकांवर करून दाखवते, हेही लोकांनी मर्सिडीजला सुनावलं.

मर्सिडीजने विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारलं आणि प्रत्येक ए क्लासमध्ये ईएसपी बसवलं. गाडी घसरू लागल्याचं सेन्सरने ओळखायचं आणि चालकाच्या हुकमाची वाट न बघता नेमक्या एका चाकाचा ब्रेक दाबायचा, अशी ही यंत्रणा. १९९५ साली ती एस क्लासच्या महागड्या कूपेत पहिल्यांदा आली होती. सगळ्यात लहान गाडीत ती फुकट दिल्यावर मधल्या गाड्यांना नाही म्हणायची सोय उरली नाही, आणि १९९९पासून मर्सिडीजच्या सगळ्याच मोटारींत ती आली. आज साध्या गाड्यांतही ईएसपी असतं, यात त्या उलटलेल्या गाडीचा मोठा हात आहे. थप्पड खाऊन का होईना, धाकटीने इथेही घराण्याला काही दिलं.

आता जॅग्वार. ही गोष्ट फोर्डच्या काळात सुरू होते आणि टाटांच्या काळात वळण घेते. फोर्डच्या ताब्यात असताना २००१ साली जॅग्वारने एक्स टाइप काढली. खालचा सांगाडा फोर्ड माँडिओवर बेतलेला, कारखाना लिव्हरपूलजवळच्या हेलवूडचा, जिथे आधी फोर्ड एस्कॉर्ट बनायची. वर्षाला लाखभर विकू, असा बेत होता. अगदी चांगल्या वर्षीही त्याच्या निम्म्यावरच गाडी अडकली. ‘माँडिओला सूट घातलाय’ हा टोमणा तिला जन्मभर पुरला.

पण सांगाडा उसना होता म्हणून गाडी पडली, हे मला पटत नाही. २००८ साली टाटा मोटर्सने २.३ अब्ज डॉलरला जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, २००९मध्ये एक्स टाइप बंद झाली, आणि २०११मध्ये त्याच हेलवूडमधून रेंज रोव्हर इव्होक बाहेर पडली. तिचा सांगाडाही फ्रीलँडरकडून आलेला, म्हणजे मुळात फोर्डच्याच वंशातला. तरी लोक तुटून पडले. २०१२मध्ये हेलवूडचा कारखाना त्याच्या इतिहासात पहिल्यांदाच चोवीस तास चालवावा लागला. २०१५पासून इव्होकची जुळणी पुण्यातही सुरू झाली. एक्स टाइप दिसायला मोठ्या एक्सजे जॅग्वारची आकसलेली नक्कल होती. इव्होकचं उतरतं छप्पर आणि अरुंद खिडक्या कुठल्याच रेंज रोव्हरवर आधी नव्हत्या. नंतर तोच चेहरामोहरा वरच्या गाड्यांनी उचलला. सांगाडा कुठून आणला, हे गिऱ्हाईक माफ करतं. नक्कल माफ करत नाही.

अ‍ॅस्टन मार्टिनच्या सिग्नेटवर फार शाई खर्च करायला नको. युरोपच्या धुराच्या नियमांसाठी सरासरी खाली आणायची म्हणून २०११ साली टोयोटाच्या चिमुकल्या आयक्यूला चामडं आणि जाळी लावून तिची किंमत ३० हजार पौंडांवर नेली. वर्षाला चार हजारांचा बेत होता. ब्रिटनभरात दीडशेच्या आसपास गेल्या आणि २०१३मध्ये खेळ आटोपला.

भारतात हा प्रयोग २०१३च्या सुमारास जोरात झाला. ए क्लास २१.९३ लाखांत आली, बीएमडब्ल्यूची वन सीरीज साधारण त्याच भावात, वर्षभरात ऑडीची ए थ्री. २०२१ साली ए क्लासची सलून आवृत्ती चाकणमधून निघाली तेव्हा सुरुवातच ३९.९० लाखांपासून होती. उंबरठा आठ वर्षांत जवळपास दुप्पट उंच झाला. आणि एवढे पैसे मोजणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या गिऱ्हाइकासमोर फॉर्च्युनर उभी असते, हे स्टुटगार्टमध्ये बसून कळायला अवघड आहे. बांधावर जाणारी, ताफ्यात शोभणारी, खड्ड्याला न भिणारी ती गाडी सोडून बुटक्या सलूनसाठी तेवढेच पैसे का घालावेत? २०२४मध्ये मर्सिडीजने भारतात १९,५६५ गाड्या विकल्या आणि त्यांतली साधारण दर चौथी सगळ्यात वरच्या श्रेणीतली होती.

असा कल फक्त आपल्याकडेच होता असं नाही. मे २०२२मध्ये मर्सिडीजचे प्रमुख ओला केलेनियस यांनी जाहीर केलं, की लहान गाड्यांचे सात प्रकार आहेत ते चारवर आणू आणि लक्ष वरच्या गाड्यांकडे वळवू. हिशेब खात्याचा हा विजय होता. पण २०२४मध्ये चीनमधल्या श्रीमंतांनी हात आखडला आणि वरच्या श्रेणीचीच जागतिक विक्री सुमारे १४ टक्क्यांनी घसरली. निरोप द्यायला काढलेल्या ए क्लासचं आयुष्य २०२८पर्यंत वाढवण्यात आलं. तिचं उत्पादन जर्मनीतून हंगेरीतल्या केचकेमेतला न्यायचं ठरलं. बाजार दोन वर्षांत असा फिरत असेल, तर खालची पायरी उखडून टाकण्याची घाई मला तरी शहाणपणाची वाटत नाही.

मार्च २०२५मध्ये मर्सिडीजने नवी सीएलए दाखवली. चारवर आणलेल्या लहान गाड्यांतलीच ही एक. तिच्यात ८०० व्होल्टची विद्युत यंत्रणा आहे, आणि गाडीचं सगळं कामकाज चालवणारी कंपनीची स्वतःची नवी संगणकप्रणाली आहे. ही प्रणाली एस क्लासच्या आधी सीएलएला मिळाली.

(पुढच्या भागात : पाच वर्षं वापरलेली आलिशान गाडी निम्म्याहून कमी किमतीला का मिळते, आणि ती घेणाऱ्याला खरा खर्च कुठे येतो.)