गेरू आणि नीळ : डब्लिनमधील एका घराचा जीर्णोद्धार

जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे तिला तिचे मूळ रूप परत देणे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ज्या घरात दोनशेहून अधिक वर्षे माणसे नांदली, त्याचे मूळ रूप कोणत्या काळाचे मानावयाचे? आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील हेन्रिएटा स्ट्रीटवरील चौदा क्रमांकाच्या घराने या प्रश्नाचे विचारणीय उत्तर दिले आहे.

ब्रिटनच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात जॉर्ज नावाचे चार राजे एकापाठोपाठ बसले. त्या काळातील वास्तुशैलीस 'जॉर्जियन' म्हणतात. शहरातील अशी घरे एकमेकांस खेटून उभी असत. दर्शनी भिंत साधी, विटांची. वैभव असे ते आत, गिलाव्याच्या नक्षीत आणि प्रशस्त जिन्यात. पाहुण्यांची मुख्य दालने पहिल्या मजल्यावर असत. त्यामुळे तेथील खिडक्या सर्वांत उंच आणि वरच्या मजल्यांवरील क्रमाने ठेंगण्या होत जात. खिडकीच्या दोन झडपा खालीवर सरकतात. त्यांना तोलून धरणारी वजने दोरीला टांगून चौकटीच्या पोकळीत दडविलेली असतात. म्हणूनच जड झडपही हलक्या हाताने उचलते. भिंती चुन्यात बांधलेल्या, आपल्या जुन्या वाड्यांसारख्याच. चुना ओल शोषतो आणि ती बाहेरही सोडतो. अशा भिंतीवर सिमेंट थापले, तर ओल आत कोंडते आणि विटा झिजू लागतात. यास्तव जाणता कारागीर दुरुस्तीसाठीही चुनाच वापरतो.

हे घर ल्यूक गार्डिनर याने १७४० च्या दशकाच्या अखेरीस बांधविले. लॉर्ड मोल्सवर्थ हे तेथील पहिले रहिवासी. १८०१ साली आयर्लंडचे स्वतंत्र पार्लमेंट संपुष्टात आले आणि उमराव मंडळी हळूहळू शहर सोडून गेली. पुढे काही काळ येथे कर्जबाजारी जहागिरींच्या विक्रीचे न्यायालय भरत असे. १८७० च्या दशकात टॉमस व्हान्स याने घर विकत घेतले, भव्य जिना काढून टाकला आणि दालने विभागून एकोणीस बिऱ्हाडांची सोय केली. हवेलीची चाळ झाली! १९११ च्या जनगणनेच्या वेळी एकेकाळच्या या एका कुटुंबाच्या घरात शंभर माणसे राहत होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शेवटची बिऱ्हाडे निघून गेली.

पुढे डब्लिन नगरपालिकेने घर ताब्यात घेऊन दुरुस्ती आरंभिली, तेव्हा भिंतींवर चाळीच्या काळातील खुणा होत्या: रंगाचे थर, कागदाचे पापुद्रे, जमिनीवरील लिनोलियम. प्रवेशाच्या भागात खाली गेरूसारखा तांबडा आणि वर निळा रंग होता. हा निळा 'रेकिट्स ब्ल्यू' म्हणून ओळखला जाई, म्हणजे पांढऱ्या कपड्यांना घालावयाच्या निळीचाच रंग. हे सर्व खरवडून उमरावी शोभा मांडणे सोपे होते आणि प्रेक्षकांनाही ते रुचले असते. मात्र तसे केल्यास मोल्सवर्थ कुटुंबाची आठवण राहिली असती आणि शंभर माणसांची पुसली गेली असती. म्हणून गिलाव्याची नक्षी सावरली, पण गेरू आणि नीळही राखली. २०१८ साली हे घर संग्रहालय म्हणून खुले झाले. तेथे सरदारी दालनांइतक्याच आदराने चाळीतील बिऱ्हाडही दाखविले जाते.

वास्तूचे मूळ रूप तिच्या पहिल्या मालकापाशीच संपत नाही. नंतर आलेल्यांनी सोडलेल्या खुणाही अस्सलच असतात, मग त्या कितीही गरिबीच्या असोत. आपण आपले जुने वाडे आणि जुन्या शाळा दुरुस्त करावयास घेऊ, तेव्हा भिंतीवरील पहिला थर खरवडण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे: हा रंग कोणी लावला होता, आणि तो गेल्यावर त्याची आठवण कोण सांगणार?