दंडावरची प्रयोगशाळा

दंडावर चिकटवलेल्या ‘फ्रीस्टाइल लिब्रे’ या ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरची बारीक तार त्वचेखाली जेमतेम ५ मिलिमीटर जाते. तिच्यावरचं विकर पेशींभोवतालच्या द्रवातल्या ग्लुकोजशी अभिक्रिया करतं आणि अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह वाहू लागतो. विकर आणि इलेक्ट्रोडची ही जोडी लेलँड क्लार्क यांनी १९६२मध्ये सुचवली होती.

खरी कमाल विजेच्या काटकसरीची. इलेक्ट्रोडवरचा व्होल्टेज स्थिर राखणारं ‘पोटेन्शियोस्टॅट’ सर्किट सतत जागं लागतं; मायक्रोकंट्रोलर मात्र बहुतेक वेळ झोपलेला. तो क्षणभर उठतो, प्रवाहाचा आकडा टिपतो, पुन्हा झोपतो. म्हणूनच बटणाएवढी बॅटरी १४ दिवस पुरते.

‘एडीयूसीएम३५५’सारख्या चिपमध्ये तर पोटेन्शियोस्टॅट आणि प्रोसेसर एकत्रच बसवलेले असतात. विषारी वायू ओळखणाऱ्या उपकरणांतही ती वापरता येते.