व्हीलचेअरचा टायर घरी बदलता येतो, पण आधी आकडे वाचा

भिवंडीत टायर ही काही अपूर्वाईची वस्तू नाही. नाशिक महामार्गावरून मानकोलीला आत वळलं की काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गोदामांच्या पट्ट्यात दिवसरात्र ट्रकांची ये-जा असते आणि पंक्चरवाले त्यांच्याच जिवावर जगतात. अशा शहरातही घरातल्या व्हीलचेअरचा टायर गेला की खुर्ची कित्येक दिवस भिंतीला टेकून उभी राहते आणि तिच्यावर बसणारा माणूस खाटेवर अडकतो. हे दवाखान्याचं सामान आहे, त्याला हात लावायचा तो सर्जिकल दुकानवाल्याने किंवा कंपनीच्या माणसाने, ही समजूत त्यामागे असते.

साध्या, हाताने ढकलायच्या खुर्चीचं मागचं मोठं चाक उघडून पाहिलं तर आत सायकलच सापडते: रिम, ताऱ्या, रिमवरची रबरी पट्टी, ट्यूब आणि टायर. जॉन डनलॉपने हवेचा टायर पहिल्यांदा केला तोही आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. १८८८ साली त्याने पेटंट घेतलं, आणि व्हीलचेअरच्या चाकात आजही तेच तत्त्व आहे. दोन पाने, दोन टायर लिव्हर आणि एक पंप एवढ्यावर हे काम घरी होतं. त्यात टायर चढवणं हा खरं तर सोपा भाग आहे. लोक चुकतात ते त्याआधी, आकार ठरवताना, आणि त्यानंतर, ब्रेक तपासायचा राहतो म्हणून.

“२४ इंची ना? मग कुठलाही २४ बसेल”

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते या वाक्यापायी. दुकानात पहिला प्रश्न येतो, “किती इंची?” आपण सांगतो २४, आणि मुलांच्या सायकलचा २४ इंची टायर घेऊन घरी येतो. मग तो काही केल्या चढत नाही.

टायरवरचा इंचांचा आकडा हा ढोबळमानाने बाहेरचा व्यास असतो. टायर रिमवर बसणार की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळतं टायरच्या बाजूवर कोरलेल्या दुसऱ्या जोडीवरून, उदाहरणार्थ ३७-५४०. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. नेहमीच्या घडीच्या खुर्चीचा २४ × १-३/८ टायर म्हणजे ३७-५४०. मुलांच्या जाड टायरच्या सायकलचा २४ × १.७५ म्हणजे ४७-५०७. दोन्हींना दुकानात ‘२४’ म्हणतात, पण व्यासात ३३ मिलिमीटरचा फरक आहे. ५०७ चा टायर ५४० च्या रिमवर चढवायला जाल तर टायरच्या कडेतली तार तरी तुटेल किंवा रिम तरी वाकेल.

गंमत अशी, की २५ इंची म्हणवणाऱ्या व्हीलचेअरच्या चाकाचा व्यास ५५९ असतो, म्हणजे जुन्या माउंटन बाइकचं ‘२६ इंची’ चाक. आणि २६ इंची व्हीलचेअरच्या चाकाला बहुधा ५९० लागतो, म्हणजे साध्या सायकलचा २६ × १-३/८. अपूर्णांक आणि दशांश यांचंही तसंच. १-३/८ आणि १.३७५ या एकाच संख्या आहेत, पण टायरच्या जगात अपूर्णांकातला आणि दशांशातला टायर एकमेकांच्या जागी बसेलच असं नाही. गणिताच्या मास्तरांना हे पटणार नाही, पण इलाज नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी जुन्या टायरवरची ती जोडी वाचा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एका बाजूची अक्षरं झिजली असतील तर चाकाच्या आतल्या बाजूला पाहा, तिथे सहसा शाबूत असतात. ट्यूबच्या बाबतीत थोडी मोकळीक असते, कारण ती फुगते आणि ताणली जाते. मात्र तिचा व्हॉल्व्ह बघून घ्यावा. साध्या सायकलचा आणि मोटरसायकलसारखा जाड, असे दोन्ही व्हॉल्व्ह रिमच्या साधारण ८ मिलिमीटरच्या भोकातून जातात. परदेशी बनावटीच्या हलक्या खुर्च्यांच्या रिमला कधी ६ मिलिमीटरचंच भोक असतं. त्यातून जाड व्हॉल्व्ह जाणारच नाही आणि भोक मोठं करण्याच्या भानगडीत घरी पडू नये.

“अख्खी खुर्ची दुकानात न्यावी लागते”

नाही. चाक सुटं निघतं. स्वस्त घडीच्या खुर्चीत ते आरपार बोल्ट आणि नटवर असतं, महागात आसाच्या टोकाचं बटण दाबलं की हातात येतं. स्वतः करायचं धाडस होत नसेल तर चाक पिशवीत घालून नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे न्या. त्याला हे काम नवं नाही, फक्त त्याला व्हीलचेअर म्हटल्यावर दचकू देऊ नका.

बसणाऱ्याची सोय मात्र आधी करावी. मणक्याच्या दुखापतीमुळे ज्यांना कमरेखाली संवेदना नाही, त्यांना ‘तेवढ्यापुरतं’ म्हणून प्लॅस्टिकच्या कडक खुर्चीवर बसवून ठेवू नये. जखम होत असली तरी त्यांना ती जाणवत नाही. त्यांची रोजची गादी सोबत द्यावी किंवा त्यांना खाटेवर आडवं होऊ द्यावं.

“निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घाला”

स्क्रूड्रायव्हरने टायर निघतो, आणि सोबत ट्यूबला नवं भोक मिळतं. प्लॅस्टिकचे टायर लिव्हर सायकलच्या दुकानात मिळतात. काम चाकाच्या आतल्या बाजूने करावं, कारण बाहेरच्या बाजूला हाताने फिरवायची गोल कडी आडवी येते. ट्यूबमधली हवा पूर्ण सोडा. मग दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत सबंध चाकाभोवती फिरा. ही एक गोष्ट माहीत नसते म्हणून लोक घाम गाळतात. रिमचा मधला भाग खोल ठेवलेला असतो तो यासाठीच. कड एका बाजूला त्या खोलात गेली की समोरच्या बाजूला ढील मिळते आणि लिव्हर अलगद आत जातो.

जुनी ट्यूब लगेच फेकू नका, तिला विचारा काय झालं. हवा भरून पाण्यात धरा. भोक बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असेल तर खिळा, काच, तार यांपैकी काहीतरी टायरमध्ये अजून रुतलेलं असू शकतं. जाड फडकं टायरच्या आतून फिरवलं की ते अडकतं. उघड्या बोटाने शोधू नका. भोक रिमच्या बाजूला असेल तर दोष रबरी पट्टीचा: ती सरकली आहे आणि तारीचं टोक ट्यूबला टोचतं आहे. जवळजवळ दोन समांतर चिरा दिसल्या तर हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटली. कारण न शोधता नवी ट्यूब घातली तर ती दुसऱ्या दिवशी बसते, आणि मग दोष दुकानदाराला. पावसाळ्यानंतर स्टीलच्या रिमच्या आत गंज धरलेला असतो. तो पॉलिश पेपरने घासून, पुसून मगच पट्टी बसवावी.

नवा टायर एका बाजूने रिमवर घ्या. ट्यूबमध्ये गोल आकार येईल इतकीच हवा भरा आणि आधी व्हॉल्व्ह भोकातून ओवा. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून बसवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवायची, म्हणजे शेवटच्या घट्ट भागात व्हॉल्व्ह वर ढकलून ट्यूब कडेखालून सोडवता येते. फारच अडलं तर साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको, त्याने रबर खराब होतं. हवा भरताना मध्ये थांबून टायरच्या बाजूची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, ते बघा. कुठे फुगवटा दिसला तर हवा सोडून पुन्हा.

“हवा जरा कमीच बरी, गाडी मऊ चालते”

बसणाऱ्याला मऊ लागेलही, पण त्याचे पैसे त्याचे खांदे भरतात. दबलेला टायर प्रत्येक वळशाला चेपतो आणि सुटतो, आणि ती शक्ती हातांतून जाते. वर्षानुवर्षं स्वतः चाक ढकलणाऱ्यांच्या खांद्यांचं दुखणं डॉक्टरांना नवीन नाही. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. ६५ पीएसआय लिहिलं असेल तर ते साडेचार बार. अरुंद टायरांना १०० च्या वरही हवा लागते. गेज नसेल तर अंगठ्याने जोरात दाबून पाहावं. अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक दबत असेल तर हवा कमी आहे.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरायला हरकत नाही, पण तो ट्रकच्या सवयीने नळी लावून ठेवतो. एवढ्याशा ट्यूबला काही सेकंद पुरतात. थोडी थोडी भरायला सांगा किंवा घरी हातपंप ठेवा.

“ब्रेकचा आणि टायरचा काय संबंध?”

सगळाच. सायकलचा ब्रेक रिमला धरतो. साध्या व्हीलचेअरचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. म्हणजे टायरची जाडी आणि आतली हवा हा ब्रेकचाच भाग आहे. ३७ च्या जागी २५ मिलिमीटरचा टायर घातला तर तोच व्यास असूनही रबराचा पृष्ठभाग सुमारे १२ मिलिमीटर आत जातो. ब्रेकचा खटका पूर्वीसारखाच ‘टक्’ वाजतो, पण त्याची पट्टी टायरला टेकतच नाही किंवा नुसती घासते. हवा उतरलेली असली तरी तेच. माणूस खाटेवरून खुर्चीत सरकताना तिच्यावर भार टाकतो, खुर्ची मागे जाते आणि तो खाली येतो. घरात होणाऱ्या पडझडीतला हा एक अगदी टाळता येण्यासारखा प्रकार आहे.

म्हणून टायर बदलल्यावर हवा पूर्ण भरून ब्रेक लावा आणि रिकामी खुर्ची मागून जोर लावून ढकला. चाक घसटत गेलं तर चालेल, फिरता कामा नये. फिरत असेल तर ब्रेकचा बोल्ट सैल करून तो फ्रेमवर थोडा चाकाकडे सरकवा आणि पुन्हा कसा. दोन्ही बाजूंना, वेगवेगळं तपासून. शक्यतो मागचे दोन्ही टायर एकदमच बदलावेत. एक नवा, एक झिजलेला ठेवला तर दोन चाकांचा घेर वेगळा होतो आणि खुर्ची सरळ ढकलली तरी एका अंगाला ओढते.

“भरीव टायर घाला, कटकटच नको”

हा सल्ला निम्मा खरा आहे. भरीव टायर पंक्चर होत नाही. पण तो जड असतो, चांगल्या हवेच्या टायरपेक्षा जड फिरतो आणि धक्के थेट अंगात पोचवतो. पेव्हर ब्लॉक, खड्डे आणि पुन्हा भरलेले खड्डे यांतून रोज जाणाऱ्याला ते धक्के सोसवत नाहीत, आणि मणक्याच्या दुखापतीनंतर ज्यांचे पाय आखडतात त्यांचं आखडणं धक्क्यांनी वाढू शकतं. शिवाय तो घरी चढवणं हे हवेच्या टायरपेक्षा कितीतरी अवघड आहे. आजी घरातल्या घरात फरशीवरच फिरत असतील, ढकलणारं माणूस एकटं असेल आणि हवा बघायला कुणी नसेल, तर भरीव टायर जरूर घ्यावा. कामावर जाणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

करडा टायर म्हणजे हलका माल, असंही ऐकू येतं. टायर काळा होतो तो त्यात कार्बनची काजळी मिसळल्यामुळे. तिने रबर टिकाऊ होतं, पण फरशीवर काळे ओरखडे उठतात. ते टाळायला करडा टायर करतात. तो उन्हात लवकर तडकतो, म्हणून खुर्ची गच्चीत ठेवू नये, इतकंच.

“सरकारी खुर्ची आहे, उघडली तर पुढची मिळणार नाही”

केंद्राच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेतून, कानपूरच्या ‘अलिम्को’ची खुर्ची शिबिरात मिळालेले अनेक जण असं म्हणतात. टायर-ट्यूब या झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्या बदलल्याने कुणाचा हक्क जात नाही. उलट त्याच कारणासाठी पुन्हा मदत मिळायला मोठ्या माणसांना साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. टायरसाठी नव्या खुर्चीची वाट पाहणं म्हणजे ती वर्षं घरात काढणं.

“पुढच्या चाकाचाही टायर बदलून द्या”

पुढची छोटी चाकं बहुतेक खुर्च्यांत भरीव असतात आणि त्यांचं रबर चाकालाच घट्ट बसवलेलं असतं. ते झिजलं की चाकच बदलायचं, नटवर निघतं. पण आधी त्याच्या आसाभोवती बघा. भिवंडी यंत्रमागाचं शहर आहे, रस्त्यावर आणि कारखान्याच्या दारात सुताचे धागे पडलेले असतात आणि ते केसांबरोबर आसाभोवती गुंडाळून चाक जाम करतात. कात्रीने कापून काढले की पुष्कळदा ‘बिघडलेलं’ चाक पुन्हा फिरतं.

बॅटरीवरच्या खुर्चीला मात्र वरचे नियम लावू नका. तिच्या लहान, हवेच्या चाकांची रिम पुष्कळदा दोन अर्ध्या भागांची, बोल्टने जोडलेली असते. आत हवा असताना ते बोल्ट सोडले तर दोन्ही अर्धी दाबाने उडतात. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण गेली आहे याची खात्री केल्याशिवाय पाना लावायचा नाही, आणि चाकात मोटर असेल तर ते काम जाणकाराकडेच द्यायचं. साध्या खुर्चीतही तडकलेली रिम किंवा तुटलेल्या ताऱ्या असतील तर नवा टायर घेण्याआधी ते चाक सायकलवाल्याला दाखवावं, कारण वाकड्या रिमवर तो फार दिवस टिकत नाही.